डिप्लोमातला काना

आमच्या घरात डिग्री एकच आहे आणि ती बायकोची आहे.

बी.कॉम., सेकंड क्लास. ती डिग्री ती कधी काढून दाखवत नाही, पण भांडण रंगात आलं की तिचा वास येतो. मी डिप्लोमा. मेकॅनिकल, कराडचा. दहावीनंतर तीन वर्षं. (खरं तर चार. एका विषयाचा माझ्यावर फारच जीव जडला होता.) गावाकडे डिप्लोमाला मान होता, आमच्या वडिलांनी तर पेढे वाटले होते. पण दुबईत व्हिसावर माणसाचा हुद्दा लिहिलेला असतो, आणि तिथे 'इंजिनिअर' लिहायचं तर डिग्री लागते, तीही चार ठिकाणी शिक्के मारून आणलेली! मी कागदावर टेक्निशियन आहे. इंडियातून नवी बी.ई. झालेली पोरं येतात, सुरुवातीला 'सर, सर' करत माझ्याकडून चिलर (म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा एसी) उघडायला शिकतात आणि चिलर उघडता यायला लागला की माझे साहेब होतात. अशा सात-आठ साहेबांना मी स्वतःच्या हातांनी घडवलं आहे.

तेव्हा ऋजुता जन्मली त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं होतं, की पोरगी काहीही होवो, गाणारी होवो, नाचणारी होवो, पण डिप्लोमा होणार नाही. 'डिप्लोमा' हा शब्दसुद्धा आमच्याकडे जपून वापरला जायचा. माझं शिक्षण कोणी विचारलं तर वर्षा (म्हणजे आमची डिग्री) "हे टेक्निकल साइडला आहेत," असं सांगून चहा टाकायला उठायची.

ऋजूची बारावी झाली आणि तिने जाहीर केलं, की तिला जर्मनीला जायचंय. गेली दोन वर्षं ती शाळा सुटल्यावर दुबईतल्या आमच्या ऊद मेथा भागातच एका क्लासला जर्मन शिकत होती. आम्हाला वाटलं होतं, हौस असेल. एका शनिवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तोच तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि शिक्षिकेसारखी समोर उभी राहिली.

"ओके. आई, बाबा, लिसन. जर्मन युनिव्हर्सिटीत डिग्रीचे टाइप्स असतात. फर्स्ट, बॅचलर. थ्री इयर्स."

"बॅचलर?" मी दचकलो.

दचकलो, कारण दुबईत राहिलेल्या माणसाला बॅचलर म्हटलं की शिक्षण आठवत नाही, खाट आठवते. एका खोलीत आठ जण, दुमजली खाटा, आणि चांगल्या बिल्डिंगच्या दारावर 'बॅचलर्सना प्रवेश नाही' अशी पाटी. लग्न झाल्यावरही मी इथे चार वर्षं बॅचलर होतो! वर्षा कराडला आणि मी वरच्या खाटेवर.

"मग मास्टर," ऋजू पुढे गेली. "टू मोअर इयर्स."

"मास्टर म्हणजे मीना बझारमधल्या मास्टरांसारखं?" वर्षाने विचारलं. तिचे दोन ब्लाउज त्या मास्टरांकडे दिवाळीपासून अडकले होते.

"आई, प्लीज!"

"आमच्यात आधी बॅचलर, मग लग्न, आणि मग मास्टर दुसरंच कोणीतरी होतं," मी म्हणालो. यावर कोणी हसलं नाही.

तिने चित्र बदललं. ड्युअल म्हणून एक प्रकार होता. थोडे दिवस कॉलेज, थोडे दिवस कंपनीत काम, कंपनीच पगार देणार. मला तो ड्युअल सिमसारखा वाटला आणि पटला. पण त्यासाठी आधी तिकडची कंपनी गाठावी लागते म्हणे. मग आलं श्टाट्स-एक्झामेन. डॉक्टर, वकील, शिक्षक व्हायचं असेल तर तिकडे शेवटी सरकारची परीक्षा द्यावी लागते.

"म्हणजे स्टेट एक्झाम?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "म्हणजे राज्यसेवा!"

"नो, बाबा."

"स्टेट म्हणजे राज्य, एक्झाम म्हणजे परीक्षा. नो काय नो?"

"इट्स फॉर डॉक्टर्स अँड लॉयर्स. मला इंजिनिअरिंग करायचंय. आणि माझं सगळं झालंय. फर्स्ट इयर प्रिपरेटरी कॉलेज, कारण आपली बारावी त्यांच्या बारावीएवढी नसते. मग फाइव्ह इयर्स मेकॅनिकल. सीट आलीये, बाबा! ड्रेस्डेनला. आणि डिग्रीचं नाव आहे..." तिने शेवटचं चित्र लावलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डिप्लोम.

वर्षाचा झारा कढईतच थांबला.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"डिप्लोम."

"डिप्लोमा?"

"डिप्लोम, बाबा. आ नाही त्यात. नो आ!"

"अगं आ असो नाहीतर नसो! दहावीनंतर तीन वर्षांत मी जे केलं, ते तू बारावीनंतर सहा वर्षांत करणार?"

"इट्स इक्विव्हॅलंट टू मास्टर्स! तिकडची जुनी डिग्री आहे, आता फार थोड्या ठिकाणी मिळते..."

"जुनी आहे ना? बंद पडत आलीये ना? मग! शहाणी माणसं बंद का करतील?"

"अहो, ती काय म्हणते ते ऐका तरी," वर्षा म्हणाली. "एका कान्याचा तर फरक आहे."

"त्या एका कान्याने माझं आयुष्य खाल्लंय," मी म्हणालो. "बॅचलर कर. बॅचलर चालेल. डिप्लोमा ह्या घरात पुन्हा नाही. खलास!"

ऋजूने टीव्हीची वायर उपटली आणि आपल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागली. तशी ती आधीही इंग्रजीतच बोलायची, पण आता त्यात 'बाबा' नव्हतं. मला ते फार लागलं. पण मी बाप होतो आणि शब्द तोंडातून गेला होता.

इथवर प्रकरण घरातलं होतं. ते चव्हाट्यावर आणलं मी, आणि तेही लिफ्टमध्ये.

आमच्या वरच्या मजल्यावर गोखले राहतात. माणूस चांगला, पण बी.ई. त्यांची डिग्री त्यांच्या हॉलमध्ये दारासमोरच फ्रेम करून लावलेली आहे, पुढच्या बाजूची प्रत वेगळी आणि मागच्या शिक्क्यांची वेगळी. सिलिकॉन ओएसिसमध्ये एका जर्मन कंपनीच्या ऑफिसात ते मॅनेजर आहेत आणि आमच्या मराठी मंडळाचे सूत्रसंचालकही. लिफ्टमध्ये भेटले.

"काय जगताप, ऋजूचं जर्मनीचं कळलं! कशाला घेतलंय?"

आता मी सरळ 'अजून ठरतंय' म्हणू शकलो असतो. पण समोर डिग्री उभी होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "स्टेट एक्झाम."

"म्हणजे?"

"म्हणजे... राज्यसेवा."

"जर्मनीची?"

"जर्मनीचीच."

"म्हणजे कलेक्टर?" गोखल्यांचे डोळे मोठे झाले. "जिल्हा कुठला?"

"ते मेरिटवर," मी म्हणालो. तेवढ्यात सातवा मजला आला आणि मी पळालो.

तळमजल्यावर माझी मुलगी बारावी पास होती, सातव्यावर ती कलेक्टर झाली! गोखले आठव्यावर पोचेपर्यंत बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली होती. अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ, हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे. करामा भागातल्या एका काकूंनी विचारलं, तिकडे बदल्या होतात का हो? शारजातून तर चक्क स्थळ आलं. मुलगा उंच, बँकेत, आणि खाली ओळ, 'कलेक्टर चालेल.'

"अहो, हे काय करून ठेवलंत?" वर्षाने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"होईल गं शांत आपोआप."

"शांत? येत्या शनिवारी गुणवंतांचा सत्कार आहे. गोखले भाऊजींनी तिचं नाव सगळ्यात शेवटी ठेवलंय. शेवटी म्हणजे सगळ्यात मोठं! आणि सोमवारी तिला जर्मनीला हो-नाही कळवायचंय, ते आठवतंय ना? नाही कळवलं तर सीट जाईल तिची."

"बॅचलरला कळव म्हणावं."

वर्षाने फोन बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तिला नाही म्हणताय की स्वतःला, तेवढं एकदा बघा." आणि आत गेली. बी.कॉम. असं बोलतं, ही माझी कायमची तक्रार आहे.

शनिवारी ऊद मेथाच्या हॉलमध्ये गर्दी होती. बटाटेवडे होते, रांगोळी होती, आणि मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलत मराठी गीतासाठी रांगेत उभी होती. ऋजू साडी नेसली होती. वर्षाचीच, मोरपिशी. इतकी मोठी दिसत होती, की मला तिच्याकडे नीट बघवेना. येताना गाडीत ती फक्त एक वाक्य बोलली होती, "व्हाय इज एव्हरीबडी कॉलिंग मी कलेक्टर?" आणि मी ट्रॅफिककडे बारकाईने पाहत राहिलो होतो.

आणि मग गोखल्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की आजच्या सोहळ्याला खास पाहुणे लाभलेत. त्यांचे जर्मन साहेब, क्राउझे!

माझ्या हातातला वडा गळून पडला.

क्राउझे साहेब सहा फूट उंच, लालबुंद, आणि अंगात गोखल्यांचा कुर्ता. (गोखले पाच-चार आहेत. त्या कुर्त्याची काय अवस्था असेल ते तुम्हीच ठरवा.) ते प्रत्येक मुलाला शाल आणि नारळ देत होते आणि "नमस्कार" म्हणत होते. मी मागे सरकत सरकत दारापाशी पोचलो. दारात वर्षा उभी होती.

"कुठे?"

"एसीचा जरा त्रास होतोय."

"तुम्ही एसीच दुरुस्त करता. बसा."

"आणि आता," गोखल्यांचा आवाज चढला, "आपल्या मंडळाची शान! जर्मनीच्या राज्यसेवेसाठी निवड झालेली, भावी जिल्हाधिकारी, कुमारी ऋजुता जगताप!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. ऋजू स्टेजवर गेली तेव्हा तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. गोखल्यांनी साहेबांच्या कानात भाषांतर केलं, "सर, स्टेट एक्झाम, इन युवर कंट्री!" साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी हातातला माइक तोंडाजवळ धरूनच तिला जर्मनमध्ये विचारलं, श्टाट्सएक्झामेन? मेडिसिन? की लॉ?

ऋजूने एकदा खाली पाहिलं. गर्दीत मला शोधलं. मी खांबामागे होतो, पण माझं पोट नव्हतं. मग ती माइकमध्ये स्पष्ट म्हणाली, "नाइन. डिप्लोम." नाइन म्हणजे जर्मनमध्ये 'नाही'.

ते 'डिप्लोम' चारही स्पीकरमधून घुमलं. घुमताना त्याला शेवटी आपोआप काना लागला.

"डिप्लोमा?" पहिली रांग.

"कलेक्टर म्हणत होते ना?" दुसरी रांग.

"नसेल झालं अ‍ॅडमिशन कुठे. अरेरे!" तिसरी.

"असू दे हो," पाठीमागून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "पोरगी शिकतेय हे काय कमी आहे?"

मी जमीन फाटायची वाट पाहत होतो. ऊद मेथाची जमीन फार पक्की आहे.

आणि तेवढ्यात क्राउझे साहेब ओरडले. "डिप्लोम! वुंडरबार!!" नारळ त्यांनी गोखल्यांच्या हातात कोंबला, कुर्त्याचा खिसा (उरलासुरला) फाडत पाकीट काढलं आणि आपलं कार्ड उंच धरलं. त्यांच्या नावाच्या आधी बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'डिप्ल. इंग.' ते अभिमानाने सांगू लागले, की मीसुद्धा डिप्लोम! माझे वडीलही डिप्लोम! हल्ली सगळे बॅचलर नि मास्टर करतात, पण खरा इंजिनिअर तो डिप्लोमच!

गोखल्यांनी ते कार्ड इतकी वर्षं रोज पाहिलं होतं. त्यांचा चेहरा नारळासारखा झाला. ते माइकवरच पुटपुटले, "मला वाटायचं, साहेब पूर्वी डिप्लोमॅट होते..."

हॉल हसायला लागला. त्या हशातून सुटका करून घ्यायला गोखल्यांनी घाईघाईने मलाच पुढे केलं (म्हणजे माझं शिक्षण त्यांना ठाऊक होतं तर!). "सर! हर फादर ऑल्सो! ही इज ऑल्सो डिप्लोमा!"

"व्हेअर?"

दोनशे माणसांनी खांबाकडे बोट दाखवलं.

स्टेजवर कसा गेलो आठवत नाही. एवढं आठवतं, की साहेबांनी मला मिठी मारली आणि कुर्त्याची शेवटची शिवण उसवल्याचा आवाज आला. "हेर कोलेगे!" म्हणजे सहकारी, असं ऋजूने नंतर सांगितलं. "व्हिच युनिव्हर्सिटी?"

"कराड," मी म्हणालो.

"आह, काराड!" त्यांनी मान डोलावली, जणू दर उन्हाळ्यात ते तिथेच राहायला जातात. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या डिप्लोमाला टाळ्या वाजवत होतं, आणि त्याही चुकून!

आता खरं सांगायची वेळ होती. साहेब, तुमचा डिप्लोम वेगळा, माझा वेगळा, मध्ये काना आहे. मी ऋजूकडे पाहिलं. ती एका वाक्यात माझा फुगा फोडू शकली असती, आणि मी तिच्याशी जसा वागलो होतो, त्यावर तो तिचा हक्कच होता. तिने माइक घेतला, आणि मराठीत बोलली. घरात मीठ मागायलाही जी मराठी वापरत नाही, ती दोनशे लोकांसमोर अडखळत मराठीत बोलली.

"माझे बाबा डिप्लोमा आहेत. मी लहान होती... होते, तेव्हा सुट्टीला बाबा मला साइटवर न्यायचे. मला मशीन उघडून दाखवायचे. बाकी कोणाच्या बाबांना मशीन उघडता येत नाही. म्हणून मला मेकॅनिकल पाहिजे. मी कलेक्टर नाही. सॉरी. मला बाबांसारखं व्हायचंय, फक्त बाबा हो म्हणत नाहीत."

मला रडू आलं, आणि ते मला लपवता आलं नाही. अठरा वर्षं मी ज्या शब्दापासून तोंड लपवत होतो, तो पोरीने साडी नेसून सगळ्यांसमोर मिरवला होता. गोखल्यांनी माइक माझ्यापुढे धरला. मला खूप काही बोलायचं होतं, बापाच्या मनाबिनाबद्दल दोन वाक्यं जुळवतही होतो, पण घशातून एकच शब्द बाहेर पडला.

"यल्ला!"

म्हणजे अरबीत, 'चल, निघ!' हॉलने शिट्ट्या मारल्या. वर्षा पदराने डोळे पुसत हसत होती. सोमवारचा होकार ऋजूने तिथेच, स्टेजच्या पायऱ्यांवर बसून, शाल खांद्यावर तशीच ठेवून पाठवला. पाठवताना माझा अंगठा बटणावर ठेवून वरून तिने आपला दाबला.

पुढचे दिवस भुर्रकन गेले. गोडा मसाला, स्वेटर, कुकर. (कुकर मी तीनदा उघडून, जोडून, तपासून दिला.) एअरपोर्टवर ती आत गेली आणि काचेपलीकडून हात हलवत राहिली. त्यानंतर घरात एक वेगळीच शांतता आली. सकाळी बाथरूमच्या दारावर कोणी धडका मारत नाही. पोहे उरतात. कुठलं तरी मशीन उघडून बसलो, की स्क्रूड्रायव्हर मागायला हात आपोआप बाजूला जातो, आणि बाजूला कोणी नसतं. मग मी उठून स्वतःच घेतो.

मात्र बाहेर माझा रुबाब वाढलाय. भेटेल त्याला मी सांगतो, की आमच्या मुलीने साधं बॅचलर घेतलं नाही बरं का! डिप्लोम घेतलंय. लांबलचक, जुनं, कसलेलं. बॅचलर काय, तीन वर्षांत संपतं!

परवा असंच फोनवर सासऱ्यांना ऐकवत होतो. वर्षा भाजी चिरता चिरता म्हणाली, "हो ना. बॅचलर घेतलं असतं, तर आधीचं एक वर्ष धरूनही पोरगी चार वर्षांत परत घरी आली असती. आता बसा सहा वर्षं."

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. हा हिशेब माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ज्या दिवसांत मी 'बॅचलर कर, बॅचलर कर' म्हणून ओरडत होतो, त्या दिवसांत एकदाही नाही! नेमकं जे हवं होतं तेच मी मागत होतो, आणि कशासाठी मागायचं तेवढंच मला कळलं नव्हतं.

मला डिग्रीला का घेतलं नाही, ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल.